श्रेयाचा फलक कुणाचा?

शहापूर-मुरबाडच्या वाटेने जाताना आम्ही फलक वाचत जातो. शंभर पावलांचा काँक्रीटचा रस्ता, बोअरवेल, कब्रस्तानची भिंत. ‘यांच्या अथक प्रयत्नाने’ म्हणून प्रत्येकावर एकाच पक्षाचे नाव. बाकीचे जणू झोपलेच होते!

हीच खोड दिल्लीतल्या समितीत शिरली की काय होते, ते आम्ही पाहिले. वक्फ दुरुस्ती विधेयकावर ऑगस्ट २०२४ मध्ये ३१ खासदारांची संयुक्त समिती नेमली गेली. शहापूर आणि मुरबाड भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. तिथले खासदार सुरेश म्हात्रे, राष्ट्रवादीच्या शरद पवार पक्षाचे, या समितीत होते. शेजारच्या ठाण्याचे नरेश म्हस्के, शिंदेंच्या शिवसेनेचे, तेही होते. एका जिल्ह्याची दोन माणसे, एकच टेबल.

सभागृहातले भाषण लोकांना ऐकवण्यासाठी असते. समितीचे दार बंद असते ते एवढ्याचसाठी, की कलम शांतपणे वाचावे आणि विरोधकाचा बरा शब्द आपल्या मसुद्यात घेताना कुणाची मान खाली जाऊ नये. घडले उलटे. २७ जानेवारी २०२५ रोजी सत्तारूढ बाजूच्या १४ दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या. विरोधकांची एकूण एक दुरुस्ती १० विरुद्ध १६ मतांनी पडली. एवढ्या कागदांत एक शब्दही घेण्याजोगा नव्हता? दोन दिवसांनी अहवाल मंजूर झाला, १५ विरुद्ध ११. एप्रिलमध्ये कायदा झाला आणि १५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली.

राजकारण असेच चालते, हे आम्हाला सांगू नका. रहमान खान यांच्या संयुक्त समितीने २००८ मध्ये वक्फवर अहवाल दिला. त्यानंतरच्या २०१३ च्या दुरुस्तीला भाजपचाही पाठिंबा होता. आणि रोजगार हमी? वि. स. पागे काँग्रेसचे, पण १९७७ चा कायदा विधिमंडळाने एकमताने केला. खडी फोडणाऱ्या बाईने मजुरी कोणत्या पक्षाची, असे कधी विचारले नाही.

पण आम्ही तरी काय केले? कोण ‘आपला’ आणि कोण ‘विकला गेला’, हे चहाच्या टपरीवर ठरवले. तुम्ही कोणती दुरुस्ती सुचवली, कोणत्या कलमावर बोललात, असे दोघांपैकी एकालाही पत्र लिहून विचारले नाही. आपल्या मशिदीचा सातबारा कुणाच्या नावे आहे, हे किती विश्वस्तांना सांगता येईल?

तो उतारा आधी काढू. मग एकच अर्ज, दोन्ही खासदारांच्या नावे. काम झाले तर फलकावर दोघांची नावे लावू, आणि ते एका ओळीत मावून घेतात का, तेही कळेल.