सर, आवडती ओळ कोणती लिहायची?

प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गात दर वर्षी सुरुवातीला मी एक साधा प्रयोग करतो. विद्यार्थ्यांच्या परिचयाची नसलेली एखादी लहानशी मराठी कविता फळ्यावर लिहितो, दोनदा मोठ्याने वाचतो आणि सांगतो, "यातली आवडलेली ओळ वहीत उतरवा आणि ती का आवडली ते दोन वाक्यांत लिहा." वर्ग काही क्षण गप्प होतो. मग कुठल्या तरी बाकावरून विचारणा होते, "सर, आवडती ओळ कोणती लिहायची?"

विचारणारा थट्टा करीत नसतो. बाकीचेही हसत नाहीत. तेही उत्तराची वाट पाहत असतात. पूर्वी मला या प्रश्नाची गंमत वाटे. गेल्या वर्षी दहावीतल्या भाचीची इंग्रजीची गृहपाठाची वही हाती आली आणि गंमत ओसरली. वहीत कवितेचे रसग्रहण होते. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि 'माझी आवडती ओळ' असे सारे मुद्दे क्रमाने, सुवाच्य अक्षरात लिहिलेले. शेजारी तांबड्या शाईची खूण. मी सहज विचारले, "हीच ओळ का गं आवडली तुला?" ती म्हणाली, "मामा, ती टीचरनी दिलीय. सगळ्यांची तीच आहे."

सगळ्यांची तीच आहे! एका वर्गातल्या साठ मुलांना एकच ओळ, एकाच कारणासाठी, एकाच शब्दांत आवडावी, हा काव्यास्वादाच्या इतिहासातला चमत्कारच म्हणायला हवा. मात्र हा चमत्कार आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे घडतो आहे आणि त्याला आपण 'परीक्षेची तयारी' असे म्हणतो.

येथे दोष कोणाचा, याचा विचार नीट व्हायला हवा, कारण सवयीने आपण तो परीक्षा मंडळाच्या माथी मारून मोकळे होतो. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. २०१८ साली दहावीची नवी पाठ्यपुस्तके आली. भाषा विषयांच्या प्रश्नपत्रिकेला 'कृतिपत्रिका' म्हणण्यामागे घोकंपट्टी कमी व्हावी हाच हेतू होता. इंग्रजी कवितेच्या रसग्रहणाला पाच गुण ठेवले गेले आणि त्याच्या मुद्द्यांमध्ये आवडती ओळ, कविता का आवडली किंवा का आवडली नाही, अशा गोष्टींना जागा मिळाली. 'आवडली नाही' असे म्हणण्याची मुभा पंधरा वर्षांच्या मुलाला परीक्षेत मिळावी, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय ज्या कवितेचे रसग्रहण करायचे ती कृतिपत्रिकेतच छापलेली असते. म्हणजे पाठांतराची गरज जवळजवळ नाही. डोळ्यांसमोरची कविता वाचायची आणि तिच्याविषयी लिहायचे.

मग झाले काय? मंडळाने मत विचारले आणि आपण शिक्षकांनी, डायजेस्टवाल्यांनी व शिकवणीवर्गांनी मिळून मताचे माहितीत रूपांतर केले. आवडती ओळ ही कवीच्या जन्मगावासारखी एक पक्की माहिती झाली. मुले ती पाठ करतात आणि कृतिपत्रिकेत कविता समोर छापलेली असताना तिच्याकडे न पाहता स्मरणातून उत्तर उतरवतात. हे परिवर्तन परीक्षेच्या दालनात होत नाही. ते जून ते जानेवारी या काळात, रोजच्या गृहपाठात होते. म्हणून माझा रोख परीक्षेपेक्षा गृहपाठावर आहे.

एक उदाहरण घेऊ. इंग्रजी माध्यमाच्या त्याच दहावीच्या पुस्तकात निसीम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' ही कविता आहे. ती त्यांच्या १९६५ सालच्या 'द एक्झॅक्ट नेम' या संग्रहातली. पावसाळी रात्री आईला विंचू चावतो. गावकरी कंदील घेऊन जमतात, देवाचे नाव घेतात, विषाने वासना जळून देह शुद्ध होईल, असे काहीबाही बोलतात. बुद्धिवादी वडील घाबरून औषधांबरोबर मंत्रतंत्रांनाही शरण जातात. आणि इतका वेळ वेदनेने तळमळणारी आई शेवटी मुले वाचली याबद्दल देवाचे आभार मानते. कविता मुक्तछंदात आहे. तरीही गृहपाठात पहिला प्रश्न यमकरचनेचा! मूल 'मुक्तछंद' असा शब्द लिहून गुण घेते. पण यमक सोडून देऊन कवीने काय साधले, ती रात्र एखाद्या आठवणीसारखी बोलत्या लयीत कशी आली, हे त्याला कोणी विचारीत नाही. मध्यवर्ती कल्पना म्हणून 'आईची माया व खेड्यातील अंधश्रद्धा' एवढे उतरवले की कविता संपली.

आता असा विचार करा की ही कविता महाराष्ट्रातले मूल वाचते आहे. इझिकेल हे मुंबईचे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले. इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केले होते. विंचवाचे रूपक करून काम-क्रोधाविषयी बोलणारे एकनाथांचे भारूड याच मातीतले; म्हणजे कवितेतले गावकरी विषाचा आणि वासनेचा जो संबंध लावतात, तो आपल्या आजीला परका नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे खरोखर मरत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्यावरची उपचारपद्धती रूढ करीपर्यंत त्या रात्रीची भीती काल्पनिक नव्हती. हे कळलेले मूल गावकऱ्यांना 'अंधश्रद्ध' असा एका शब्दाचा शेरा मारून पुढे जाणार नाही. भीती आणि असहायता यांतून माणसे एकमेकांना धरून कशी बसतात, ते त्याला दिसेल. या सगळ्याचा पत्ता डायजेस्टमध्ये नाही, तो घरात आहे. गृहपाठ या शब्दात 'गृह' आहे. आपण त्याचा अर्थ फक्त 'शाळेबाहेर करावयाची नक्कल' एवढाच उरू दिला.

साहित्याच्या अध्यापकांना आय. ए. रिचर्ड्स यांचा प्रयोग नव्याने सांगण्याची गरज नाही. पण त्यातला एक तपशील आपण विसरतो. केंब्रिजमध्ये ते विद्यार्थ्यांना कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता देत, एक आठवड्याचा अवधी देत आणि कविता किती वेळा वाचली हेही नोंदवायला सांगत. म्हणजे १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथाचा पाया हा एका अर्थी गृहपाठच होता! त्या नामवंत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनीही भयंकर चुका केल्या, उसन्या व ठरीव प्रतिक्रिया दिल्या. परंतु त्या चुका त्यांच्या स्वतःच्या होत्या, म्हणून त्यांतून काही शिकता आले. आपल्या साठ वह्यांत एकही चूक नसते. त्यामुळे त्यांतून शिकण्यासारखेही काही नसते.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते खोटे नाहीत. पहिला असा, की साठ मुलांच्या साठ निरनिराळ्या आवडी तपासायला शिक्षकाला वेळ कुठून मिळणार? निवडणुका, सर्वेक्षणे, नोंदी यांच्या ओझ्याखाली तो आधीच दबलेला आहे. मान्य. पण एकसारख्या साठ उत्तरांवर साठ खुणा करण्यात जातो तो वेळही वेळच आहे. रोज पाच वह्या खरोखर वाचाव्यात. बाकीच्या त्या दिवशी न तपासता राहिल्या तरी आभाळ कोसळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या घरात इंग्रजी जाणणारे कोणी नाही, तिथल्या मुलाला तयार उत्तराचाच आधार असतो. तो काढून घेणे हा अन्याय नव्हे काय? मला वाटते, अन्याय उलट बाजूने होतो आहे. तयार उत्तर लिहायला लावणाऱ्या गृहपाठात पैसेवाल्याला शिकवणी मिळते आणि गरिबाला नक्कल. आता तर मोबाइलला विचारले की क्षणात रसग्रहण हजर होते, तेव्हा उतरवून काढण्याचे उरलेसुरले मोलही गेले. याउलट "ही कविता आज घरी कोणाला तरी मराठीत सांगा आणि ऐकणारा काय म्हणाला ते एका वाक्यात लिहा" असा गृहपाठ दिला, तर त्यासाठी आईवडिलांना इंग्रजी यायला नको. इंग्रजी कवितेच्या अभ्यासात मराठीला दार बंद करणे ही आपली जुनी खोड आहे. कविता आपल्या भाषेत सांगता आली, तरच ती कळली असे समजावे.

मग तयारी कशी करावी? माझ्या मते एका कवितेला चार संध्याकाळी पुरेत. पहिल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचन आणि आवाज जिथे आपोआप थांबला तिथे पेन्सिलीची खूण. दुसऱ्या दिवशी घरच्यांना मराठीत कथन. तिसऱ्या दिवशी आवडलेली वा खटकलेली एक ओळ आणि तिच्यातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवणारे कारण. तिथे 'सुंदर' हे विशेषण वर्ज्य. चौथ्या दिवशी पुस्तक उघडे ठेवून, घड्याळ लावून, पंधरा मिनिटांत मंडळाच्या मुद्द्यांनुसार रसग्रहण. अलंकारांची नावे व व्याख्या वर्गात शिकवाव्यात, त्या पाठही करून घ्याव्यात. त्याला माझा विरोध नाही. या मार्गाने गेलेल्या मुलाचे पाच गुण बुडतील, असे मला वाटत नाही. छापील कविता पाहून लिहिण्याची सवय झालेले मूल परीक्षेत गांगरण्याचे कारण काय?

असो. पुढच्या जूनमध्ये माझ्या वर्गात तीच कसोटी पुन्हा होईल. तो प्रश्न मला शाळेतल्या बांधवांनी पाठवू नये, एवढीच विनंती आहे. त्याऐवजी "सर, मला यातली एकही ओळ आवडली नाही, तसे लिहिले तर चालेल का?" असे विचारणारा एखादा विद्यार्थी पाठवावा. त्याला मी वर्षभर आनंदाने शिकवीन.