नुसते शाकाहारी असून भागत नाही

वनस्पतिजन्य आहाराने हृदय सुदृढ राहते, हे ऐकून आपल्याकडचा शाकाहारी निर्धास्त होतो. हा गैरसमज आहे. दोन लाखांहून अधिक अमेरिकी परिचारिका व अन्य आरोग्यव्यावसायिकांच्या आहाराचा हार्वर्डच्या संशोधकांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. २०१७ मधील निष्कर्षांनुसार अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे सर्वाधिक खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका असे अन्न सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होता. मैदा, साखर, गोड पेयांवर भर देणाऱ्यांत तो सुमारे ३२ टक्के जास्त. दोन्ही आहार वनस्पतिजन्यच! वडापाव, फरसाण आणि उपवासाच्या साबुदाण्याने याच दुसऱ्या रांगेत बसावे.

निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या शाकाहारावरील प्रयोगात धमन्यांतील अडथळे किंचित ओसरले खरे. पण तिथे व्यायाम, ताणनियंत्रण आणि धूम्रपानबंदीही होती, त्यामुळे श्रेय एकट्या ताटाला देता येत नाही. तरीही दोन्हींचा कौल एकाच दिशेचा आहे. प्रथिनांची ओरड मात्र अवास्तव वाटते: रोज पोटभर भाकरी, उसळ, आमटी खाणाऱ्याला सहसा ती कमी पडत नाहीत. ‘बी-१२’चे तसे नाही. दूधही सोडणाऱ्याने ते गोळीतून घ्यायलाच हवे, आणि हृदयाची चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.