गाडी लेहची, रस्ता चिल्हारचा

बोईसर-चिल्हार रस्त्यावर रात्री जी माणसं असतात, त्यांतली बरीच मोटारीत नसतात. दुसरी पाळी संपवून निघालेले सायकलवाले, कडेकडेनं पाड्याकडे चालत जाणारी जोडपी, बंद पडलेल्या टँकरमागे झाडाची फांदी ठेवून बसलेला क्लीनर, आणि अधूनमधून डांबरावरच बैठक मारलेली गुरं. यांच्या समोरून एक ॲडव्हेंचर मोटरसायकल येते. हेडलाइट आहेच, शिवाय क्रॅश गार्डवर दोन आणि हँडलखाली दोन असे चार एलईडी दिवे सताड उघडे. सायकलवाला एक हात डोळ्यांवर धरतो आणि दुसऱ्या हातानं तोल सांभाळत कच्च्यात उतरतो. गाडीवाल्याला यातलं काही कळत नाही, कारण त्याला रस्ता अगदी लख्ख दिसत असतो.

मी सरावलीत राहतो, तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि माझ्याकडेही हिमालयन आहे, जुन्या ४११ सीसीची. तेव्हा ही मोटरसायकलवाल्यांवर दुरून केलेली टीका नाही. २०१६ साली रॉयल एन्फील्डनं ही गाडी आणली, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स आली, पुढच्या वर्षी केटीएमची ३९० ॲडव्हेंचर. तोवर सिनेमात किंवा मासिकात बघायची लेह-लडाखची गाडी बोईसरच्या पगारात, हप्त्यांवर का होईना, बसायला लागली. गाडीपाठोपाठ तिचा दागिन्यांचा बाजारही आला. पॅनियर, टॉप बॉक्स, फॉग लाइट, हँड गार्ड, उंच काच, हँडल रायझर, जेरी कॅन. शोरूममधून गाडी बाहेर पडायच्या आधीच पोरांची यादी तयार असते.

माझी गाडी, माझे पैसे, माझी हौस, असं आपण या यादीकडे बघतो. पण तिच्यातल्या निम्म्या वस्तूंचा परिणाम भोगणारे आपण नसतोच. दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो, सायलेन्सर शेजाऱ्याच्या झोपेत, पॅनियरचा कोपरा बाजूनं निघालेल्या स्कूटरवालीच्या गुडघ्याला लागतो. म्हणून कुठलीही वस्तू गाडीला लावण्याआधी ती समोरच्याचं आणि मागे बसणाऱ्याचं काय करणार आहे, हे विचारलं पाहिजे. ती फोटोत कशी दिसते, हे नंतर.

फॉग लाइटला माझा विरोध नाही. आषाढात विक्रमगडहून जव्हारला चढताना धुकं असं उतरतं की रस्त्याची पांढरी रेघ हाच आधार उरतो. तिथं खाली बसवलेला, रुंद आणि बुटका झोत टाकणारा पिवळा दिवा खरंच कामाचा. पण आपल्याकडे खपतो तो लांब पल्ल्याचा, टोकदार झोताचा पांढरा दिवा. धुक्यात तो उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो आणि कोरड्या रात्री समोरच्याच्या. शिवाय दुकानात बसवताना त्याची दिशा कोणी बघत नाही. नट आवळले, बटण दाबलं, उजेड पडला, झालं काम.

आमच्या खात्यातल्या एका ट्रेनी पोराचे दिवे आम्ही पाळी सुटल्यावर कारखान्याच्या भिंतीसमोर लावून बघितले. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीसेक फुटांवर. दिव्याचा मध्य जमिनीपासून जितका उंच, तितक्या उंचीवर भिंतीवर खडूची आडवी रेघ मारली. झोताचा सगळ्यात प्रखर भाग रेघेच्या खाली पडायला हवा. तो एकटा बसला तेव्हा जेमतेम खाली होता. मग मागे मी बसलो, टॉप बॉक्समध्ये हत्यारांची पिशवी ठेवली, आणि झोत रेघेच्या वर चढला. मागचं वजन वाढलं की शॉकअप दबतो, गाडीचं नाक वर होतं आणि सोबत दिवाही. म्हणजे कुटुंब घेऊन, सामान लादून निघालेला माणूस नेमका जास्त आंधळं करत जातो. उपाय फुकटाचा आहे: गाडीसोबत मिळालेल्या सी-स्पॅनरनं मागच्या शॉकअपचा प्रीलोड दोन खाचा वाढवायचा आणि दिवे भरल्या गाडीवर लावून घ्यायचे. हा स्पॅनर टूलकिटच्या पिशवीतून कधी बाहेरच न आलेल्या गाड्या मी बघितल्यात.

दुसरी गोष्ट वायरिंगची. चाळीस-चाळीस वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर पावणेसात अँपियर ओढतात. ती लाइन बॅटरीपासून वेगळी, मध्ये फ्यूज, मध्ये रिले अशी हवी. रिलेला चालू करणारी तार गाडीच्या अप्पर बीमवरून घ्यावी, म्हणजे समोरून कुणी आलं आणि आपण डिपर मारला की जादा दिवे आपोआप बंद होतात. वेगळं बटण शोधायला नको, की आठवण ठेवायला नको. एवढ्यासाठी एक तार जास्त लागते. पण दुकानदार हॉर्नच्या तारेला जॉइंट मारतो, वर काळी टेप गुंडाळतो, आणि पहिल्या पावसाळ्यात आमच्यासारख्याकडे ‘काका, जरा बघा ना’ म्हणून गाडी येते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम झोताबद्दलच आहे. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका तो खाली झुकलेला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परवानगीशिवाय मूळ रचनेला धक्का लावणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कायदा असा जय्यत तयार असताना अंमलबजावणी कानानं चालते. सायलेन्सरचा आवाज नाक्यावरच्या पोलिसाला ऐकू येतो, म्हणून तो पकडला जातो, आणि ते चांगलंच आहे. दिवसा उभ्या गाडीवरचा बंद दिवा कुणाला दिसत नाही. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. तिथंच एक भिंत रंगवून, रेघ मारून झोत बघायला काय हरकत आहे? त्याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

आता मागच्या सीटकडे. पॅनियरचा रॅक बसवायला गाडी दिली की परत घेताना बरोबर एक पिशवी मिळते, आणि तिच्यात साडीगार्ड असतं. ‘हे आता बसत नाही, आणि लूकपण जातो,’ असं एका दुकानात मला अगदी सहज सांगितलं. हा लूकचा भाग नव्हे. १२३ व्या नियमानुसार मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण मोटरसायकलला असलंच पाहिजे, ते मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. हाताला धरायची कडी आणि पाय ठेवायची जागाही त्याच नियमात आहे. चैत्री पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला निघालेल्या किती बायका एका बाजूला पाय सोडून, पदर खोचून, कडेवर पोर घेऊन बसलेल्या असतात ते बघा. ओढणीला चाकात जायला एक क्षण पुरतो. माझ्या रॅकला मी नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाळी वेल्ड करून घेतली. १९६९ ला इथं अणुवीजकेंद्र सुरू झालं, मागाहून एमआयडीसी वाढली, तेव्हा चांगल्या वेल्डरची आमच्याकडे वानवा नाही. मात्र त्याच वेल्डरकडून जाडजूड पाइपचा क्रॅश गार्ड करून घेऊ नये. गार्ड थोडा वाकला पाहिजे. तो वाकलाच नाही तर पडल्याचा सगळा धक्का चेसीच्या बोल्टवर जातो, आणि गार्ड शाबूत राहून गाडी वाकते.

मागच्या सीटकडे आपलं दुर्लक्ष जुनंच आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचा जीव गेला, आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली, आणि चर्चेवरच निवली. मोटरसायकलवर मागच्याला पट्टा नसतो, हेल्मेट असतं. कायद्यानं ते दोघांनाही सक्तीचं आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट बनवायला आणि विकायलाही बंदी आहे. तरी आमच्या भागातलं सर्वसाधारण चित्र असं: पुढच्याच्या डोक्यावर आठ हजारांचं, मागच्या माणसाच्या डोक्यावर काहीच नाही किंवा रस्त्याकडेला घेतलेली प्लास्टिकची टोपी, आणि टॉप बॉक्सवर लडाखचे स्टिकर.

माझ्या गाडीवरची सगळ्यात स्पष्टवक्ती परीक्षक माझी बायको आहे. सीटवर जेलची गादी टाकली तेव्हा मनोर यायच्या आतच तिनं ‘ही काढा, घसरायला होतं’ म्हणून निकाल दिला. रुंद फूटरेस्ट मात्र तिनं स्वतः मागून घेतले. टॉप बॉक्सला पाठ टेकायची उशी लावली ती सामानाच्या सोयीपेक्षा महत्त्वाची ठरली. या दोन्ही वस्तू कुठल्याही फोटोत दिसत नाहीत.

वजनाचं गणित पोरांना सांगून पटत नाही. माझी गाडी पेट्रोल भरून दोनशे किलोला टेकते. दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा रिकामेच दहा किलोच्या वर जातात, आणि रिकामी पेटी रिकामी ठेवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. हे सगळं मागच्या चाकाच्याही मागे आणि वर टांगलेलं. गाडी बाहेर काढताना पार्किंगमध्ये पाय घसरला की कळतं. चार दिवसांच्या प्रवासाला दोन कापडी सॅडलबॅग पुरतात. त्या पडल्यावर पाय मोडत नाहीत आणि घरी आल्यावर काढून ठेवता येतात. रोज सरावली ते कंपनी डबा आणि रेनकोट एवढंच न्यायचं असताना दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं घेऊन बोईसर स्टेशनच्या गर्दीत शिरणं हा दुसऱ्यांवर अन्याय आहे.

आमच्या हवेत खारेपणा आहे, वर कारखान्यांच्या वाफा. ॲल्युमिनियमच्या पेटीला स्टेनलेसचा बोल्ट थेट लावला की दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी बसतं आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. दुसऱ्या वर्षी बोल्ट जागचा हलत नाही. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना ग्रीस, एवढं पुरे. ३०४ चं स्टेनलेस समुद्राकाठी तांबूस ठिपके धरतं, ३१६ टिकतं. बोल्ट घेताना विचारून घ्यावं. आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर लाटांत गाडी घालून रील काढणाऱ्यांनी निदान त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं चेन आणि स्पोक धुवावेत. एवढं सांगून मी गप्प बसतो.

मोबाइल होल्डरची गोष्ट चटकन सांगतो. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हँडलमधून थेट फोनच्या कॅमेऱ्यात जाते. मोटरसायकलवर फोन थेट बसवू नका, असं ॲपलनंच २०२१ साली जाहीर सांगितलं होतं. रबरी डँपर असलेला होल्डर घ्या किंवा फोन खिशात ठेवून कानात रस्ता ऐका.

त्या ट्रेनीच्या यादीत शेवटी जेरी कॅन होता. त्याला विचारलं, कशासाठी रे? म्हणाला, ‘काका, लेहला पंप नसतात.’ मनालीच्या रस्त्यावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध होती, हे खरं. पण जुन्या हिमालयनची टाकी पंधरा लिटरची, ॲव्हरेज तिशीच्या आसपास. गुणाकार त्यानं स्वतःच केला. शिवाय लेह पुढच्या वर्षी, आणि तोवर तो कॅन पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाच्या खिंडीतल्या माकडांना दाखवत हिंडणार.

त्या पैशात त्यानं पंक्चरचं सामान घ्यावं, असं मी सुचवलं. स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. ट्यूबलेसला बाहेरून दोरी खुपसून भागतं, इथं चाक काढावं लागतं. मोखाड्याच्या पुढे, त्र्यंबकच्या वाटेवर अंधार पडताना हे करायची वेळ आली तर चार गोष्टी लागतात: दोन टायर लिव्हर, ठिगळं आणि सोल्युशन, हवेचा पंप, आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना. हा पाना घरी एकदा बसवून बघावा, कारण दुकानात टॉर्क गनने आवळलेला नट लहान पान्याला दाद देत नाही. जुन्या हिमालयनला मेन स्टँड कंपनीकडूनच येतो. ज्या गाडीला नाही, तिला सगळ्यात आधी तोच घ्यावा, क्रॅश गार्डच्याही आधी. एकदा घराच्या अंगणात, दिवसाउजेडी, कुणी घाई करत नसताना मागचं चाक काढून, ट्यूब बाहेर काढून परत घालावी. लिव्हरनं ट्यूब चिमटली जाते ती इथंच जाऊ द्या.

आणि एक जादा ट्यूब. तीही पुढच्या चाकाची, २१ इंची. लहान गावातल्या पंक्चरवाल्याकडे १७ आणि १८ इंची मिळून जाते, २१ ची क्वचितच. अडल्या वेळी २१ ची ट्यूब मागच्या १७ च्या चाकात दुमडून घालता येते, हळूहळू चालवत जव्हारपर्यंत पोचवते. १७ ची ट्यूब पुढच्या चाकात ताणून घालायच्या भानगडीत पडू नये.