कोर्टाची तारीख आणि कोयत्याचा खाडा



बारामती-इंदापूर म्हटलं की तुम्हाला पुढारी आठवतात. नीरेच्या कालव्यावरचा हिरवा ऊस आठवतो, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरची धुराडी आठवतात. पण दरसाल बीडकडून या फडात उतरणारी माणसं? पाचटाची कोपी, उघडी पोरं, अन् नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं नव्हं, एक कोयता! उचल मुकादमाची, हिशेबही मुकादमाचा. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीवर चढतो.

म्हणून पाळीतही बाई मोळी उचलते. फडात ना पाणी, ना आडोसा. दुखणं अंगावर काढते. मग गावाकडचा डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो अन् पिशवी काढून टाकतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक! साखर गोड लागते ना?

मार्च २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं ऊसतोड कामगारांच्या हालांवर वर्तमानपत्रातला मजकूर वाचून आपणहून याचिका दाखल करून घेतली. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना बजावलं: गरज नसताना पिशव्या काढणं रोखायचे केंद्राचे नियम तीन महिन्यांत लागू करा.

आपल्यातले काही म्हणतील, कोर्ट त्यांचंच, आपल्याला काय मिळणार? मग महाड आठवा. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. सवर्णांनी दावा ठोकला. बाबासाहेब तो लढत राहिले आणि १९३७ साली हायकोर्टात जिंकले. दहा वर्षं! तळंही सोडलं नाही, कोर्टही सोडलं नाही. कोर्टात दाद मागण्याचा हक्क देणारं ३२ वं कलम हा घटनेचा आत्मा, असं १९४८ साली घटना समितीत त्यांनीच सांगितलं.

पण कोयत्याला तारीख परवडत नाही. तारखेला जायचं तर खाडा. हक्क बाईचा, आणि कोर्टाला जागं करायला पेपर लागतो, ही खरी मेख आहे.

आम्ही गोदीतले. ओझं काय असतं ते आमच्या पाठीला ठाऊक. गोदी कामगारांचा कायदा १९४८ साली झाला, माथाड्यांचा १९६९ साली. वहीत नाव चढलं तेव्हा कुठं मालकाला जाब विचारता आला. ऊसतोडीच्या बाईचं नाव कारखान्याच्या वहीत चढलं पाहिजे. फडावर पाणी, संडास, दवाखाना पाहिजे. पिशवी काढायच्या आधी सरकारी डॉक्टरचा दुसरा सल्ला पाहिजे.

म्हणून शहरातल्या पोरांनो, भाषणं पुरे. येत्या हंगामात फडावर चला. कोर्टाचे हुकूम सोप्या मराठीत लिहून कोपीकोपीत वाचून दाखवा. कुणाचा खाडा कापला, कुणाला दवाखाना मिळाला नाही, त्याची वही ठेवा. वकिलाला नुसता संताप पुरत नाही, पुरावा लागतो.

हुकूम कोर्टात पडून आहे. तो फडापर्यंत आपणच न्यायचा.