आठ सिलिंडरांचं सुतक

जर्मनीतल्या अफाल्टरबाखमध्ये मर्सिडीज-एएमजीचं व्ही-एट इंजिन एकच कारागीर अथपासून इतिपर्यंत जोडतो आणि त्यावर आपल्या सहीची पट्टी लावतो. २०२२ मध्ये कंपनीच्या ‘सी ६३’ गाडीतलं चार लिटरचं हे इंजिन गेलं; त्याच्या जागी दोन लिटरचं चार सिलिंडरी इंजिन आणि सोबत विजेची मोटर आली. शौकिनांनी अक्षरशः सुतक पाळलं. कागदावर तक्रारीला जागा नव्हती: ताकद ५१० वरून ६८० अश्वशक्ती, शून्यावरून शंभरचा वेग ३.४ सेकंदांत. पण वजन दोन टनांपलीकडे गेलं आणि तो खर्ज हरपला. नुसत्या ठोक्यावरून बुलेटचा मालक ओळखणाऱ्या आपल्या गावांना हे दुःख समजावून सांगायला नको.

आवाजाची तक्रार हळवी म्हणून झटकता येते, वजनाची नाही. तिथं मी शौकिनांच्या बाजूनं आहे. मात्र वीज म्हणजे परंपरेशी द्रोह, हे पटत नाही. खुद्द फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या गाडीच्या चाकांतच विजेच्या मोटरी होत्या.

१९९७ मध्ये पोर्शे ९११ चं इंजिन हवेऐवजी पाण्यानं थंड होऊ लागलं, तेव्हाही अशीच रडारड झाली होती. २०२४ मध्ये त्याच ९११ ला विजेची जोड मिळाली. वजनात भर पडली जेमतेम ५० किलोंची, आणि ओरडही त्याच मापात झाली.