आधी फोन, मग रील

पावसाळ्यात बोर्डी-चिंचणीच्या किनाऱ्यावर जखमी ऑलिव्ह रिडले कासव दिसलं की आपण रील काढतो आणि चांगल्या मनाने त्याला पुन्हा पाण्यात ढकलतो. प्लीज, नको! कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात पाय कापलेलं, थकलेलं कासव समुद्रातच बुडून मरतं. सावली करा, कुत्री हाकला, वन विभागाच्या १९२६ वर फोन लावा.

डहाणूत त्यांच्यासाठी उपचार केंद्र आहे. तिथे व्हॉलंटियर व्हायचंय? मग कुरवाळायची हौस घरी ठेवा. टाक्या घासायच्या, पाणी बदलायचं, वास सोसायचा. जखमा भरायला महिने लागतात, त्यामुळे एका रविवारच्या उत्साहाने भागत नाही. एनएसएसच्या वर्षाच्या १२० तासांतले काही तास आपल्या कॉलेजांनी या टाक्यांसाठी द्यावेत. प्रोग्रॅम ऑफिसर सरांना याच आठवड्यात विचारा.