दत्तक मुलाचा पूर्ववृत्तांत

मूल दत्तक घेतांना कित्येक सज्जन म्हणतात, "त्याचें मागील कांहीं आम्हांस सांगूं नका, आजपासून तें आमचें." ह्या उद्गारांतील प्रेम आम्हांस मान्य आहे, परंतु विचार मान्य नाहीं. तो पूर्ववृत्तांत मुलाच्या मालकीचा आहे. आईबापांनीं तो ठेव म्हणून सांभाळावयाचा असतो.

पांचसहा वर्षांचें मूल कोरी पाटी होऊन येत नाहीं. ज्यानें पूर्वीं उपास काढले, तें नव्या घरीं पोट भरल्यावरही उशीखालीं भाकरी लपवितें. ज्या बापास हें ठाऊक नाहीं तो त्यास चोर ठरवून शिक्षा करील. ज्यास ठाऊक आहे तो त्याच्या उशाशीं खाऊचा डबा ठेवील.

आम्हां ख्रिस्ती लोकांस १८९० च्या कायद्यान्वयें केवळ पालक होतां येत असे. २००० चा बालन्याय कायदा व त्यांतील २००६ ची दुरुस्ती ह्यांनीं सर्व धर्मीयांस दत्तकाची वाट मोकळी करून दिली. २०२२ च्या नियमांप्रमाणें मुलाच्या पूर्वस्थितीचा व प्रकृतीचा, असे दोन्ही अहवाल आईबापांस मिळतात. प्रकृतीचा अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरास दाखवितां येतो. इतकें असूनही छायाचित्र पाहून भुलणारे व अहवालाचीं पानें नुसतीं उलटणारे पुष्कळ! प्रश्न विचारणें म्हणजे संशय घेणें, अशी त्यांची समजूत दिसते. फारोच्या कन्येस तें बाळ इब्री लोकांचें आहे हें पेटी उघडतांच कळलें होतें, आणि तरीही तिनें तें वाढविलें.

गुप्तता पुढें मुलासच जाचते. इंग्लंडांत दत्तकाचा कायदा १९२६ सालीं झाला. परंतु प्रौढ दत्तकांस आपला मूळ जन्मदाखला पाहण्याचा हक्क १९७५ च्या कायद्यानें मिळाला. आपल्याकडेही अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर दत्तकास मूळ शोधण्यासाठीं स्वतः अर्ज करितां येतो; मात्र जन्मदात्यांची गोपनीयता जपली जाते, व तें योग्यच आहे.

ही हकीकत शेजारणीस वा आत्याबाईंस सांगण्याचें मात्र कारण नाहीं. आम्हां शिक्षकांसही मुलाला सांभाळून घेण्यापुरतीच कळावी. (वंशवृक्ष काढून आणण्याचा गृहपाठ देतांना शिक्षकांनीं दोनदां विचार करावा, हें जातां जातां सांगतों.)

घरीं एक वही ठेवावी. मुलास पूर्वीं कोणत्या नांवानें हांक मारीत, तें कोणती भाषा बोलत असे, कोणत्या दाईच्या अंगावर तें झोपी जाई, हें संस्थेंतून विचारून त्याच दिवशीं लिहून घ्यावें. पुढें तेथील माणसें बदलतात. जें कळलें नाहीं त्या जागीं "माहीत नाहीं" असें लिहावें, आणि मूल विचारूं लागलें म्हणजे ती वही त्याच्यासमोर उघडावी.